ठोक कराराचे घर आणि वरचा खर्च



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी घराविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. गटागटांतून फिरताना तुटून गेलेले फड आम्ही पाहतो. बुडखे छाटलेले नाहीत, खताची पहिली मात्रा पडलेली नाही, असे फड हल्ली बरेच दिसतात. खोडव्याला पहिली मात्रा तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत पहारीने द्यावयाची असते, हे आपल्या सभासदांना सांगावे लागत नाही. तरीही ती का पडली नाही असे विचारले की उत्तर येते, "साहेब, घर काढलंय. ठरलं होतं एवढ्यात, गेलं तेवढ्यावर. खताचा पैसा तिकडं गेला."

घर बांधणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण "मी तर ठोक ठरवून दिलं होतं, मग पैसा वाढला कसा?" हा प्रश्न इतक्या जणांच्या तोंडून ऐकू येतो, की त्याचे उत्तर नीट समजून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

ठोक म्हणजे काय?

आपल्याकडे घराचे काम तीन तऱ्हांनी देतात. पहिली तऱ्हा मजुरीची. माल आपण आणायचा, ठेकेदाराने फक्त माणसे लावायची. दुसरी बाबवार दराची. खोदाई ब्रासवर, वीटकाम आणि काँक्रीट घनफुटावर, गिलावा चौरस फुटावर, म्हणजे जेवढे काम होईल तेवढे मोजून पैसे. तिसरी मालासहित ठोक. चौरस फुटाला अमुक दर किंवा पूर्ण घराची एकच रक्कम, आणि शेवटी किल्ली हातात.

तिसरी तऱ्हा सर्वांना आवडते, कारण आकडा एकच असतो आणि तो पाठ होतो. पण इथेच फसगत होते. ठोक रक्कम ही घराची नसते. करारात आणि नकाशात जेवढे काम लिहिलेले असते, तेवढ्याच कामाची ती असते. आपल्या मनातले घर मोठे असते आणि कागदावरचे लहान. या दोहोंतील फरक म्हणजेच वरचा खर्च होय.

बोअर मारताना आपण हे बरोबर जाणतो. फुटाचा दर ठरला तरी केसिंग पाईप निराळा, मोटार निराळी, पाणी किती फुटांवर लागेल त्याची हमी कुणाचीच नाही. बोअरवाल्याला आपण हे सर्व आधी विचारतो. लाख-दीड लाखाच्या कामाला जे विचारतो, ते वीस-बावीस लाखांच्या कामाला विचारत नाही, एवढेच चुकते.

आता हा वरचा खर्च कोठून कोठून निघतो ते क्रमाने पाहू.

१. जमिनीच्या पोटातला खर्च

सर्वांत मोठा धोका पायात असतो, कारण तिथे काय आहे ते करार करताना कोणालाच दिसत नाही. आपल्या नदीकाठच्या भागात काळी माती खोल आहे. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. ऊस तिच्यात जोमाने येतो, पण पाया तिच्यावर टेकवला तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच भिंतींना तिरप्या भेगा पडतात. म्हणून पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो. गावठाणात बांधायचे म्हणावे, तर तिथली पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या घरांची भर. तिच्यात जुनी पेवे निघतात, बुजवलेला आड निघतो. माळाला जावे तर दोन फुटांवर खडक लागतो आणि ब्रेकर आणावा लागतो.

समजा, करारात खड्ड्याची खोली ५ फूट धरली आहे आणि प्रत्यक्षात मुरूम ८ फुटांवर लागला. घराला १५ खांब, खड्डा ५ फूट बाय ५ फूट. वाढीव ३ फुटांचा हिशेब १,१२५ घनफूट होतो, म्हणजे सव्वाअकरा ब्रास खोदाई. शिवाय प्रत्येक खांबाचे काँक्रीट आणि सळई ३ फुटांनी वाढली. काढलेली काळी माती जोत्याच्या आत परत भरू नये, कारण ती फुगून फरशी उचलते. म्हणजे भरायला मुरूम विकत आला. हा सगळा खर्च ठेकेदाराचा की आपला?

उत्तर करारातील एका ओळीत असते. "खोली ५ फूट" एवढेच लिहिले असेल तर वरचे तीन फूट आपल्या माथी. "कठीण मुरूम लागेपर्यंत" असे लिहिले असेल तर ते ठेकेदाराचे. पण दुसऱ्या प्रकारात ठेकेदार आपला धोका धरून दर आधीच वाढवून सांगतो, आणि मुरूम ४ फुटांवर लागला तर फायदा त्याचा होतो. आमच्या मते यातला सरळ मार्ग असा. करारापूर्वीच जागेच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर जेसीबीने चाचणी खड्डे घ्यावेत. त्याला थोडे पैसे जातात, पण मुरूम किती फुटांवर आहे ते ठेकेदार आणि आपण दोघेही डोळ्यांनी पाहतो. मग त्या खोलीवर ठोक रक्कम ठरवावी आणि लिहावे की, यापेक्षा खोली वाढल्यास फुटाला इतके जादा आणि कमी लागल्यास त्याच दराने वजावट. वजावटीची ओळ विसरू नये. ती ठेकेदार आपण होऊन घालणार नाही.

काळी माती फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाईल हा पायाचा प्रकार इंजिनिअरला जरूर विचारावा. यात गिरमिटाने गोल भोक पाडून तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग करतात आणि काँक्रीट भरतात. रुडकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने ही पद्धत मुख्यतः अशा फुगणाऱ्या मातीसाठीच पुढे आणली. खोल काळ्या मातीत मोठमोठे खड्डे घेण्यापेक्षा ती पुष्कळदा परवडते.

२. जोत्याची उंची

करारात जोते बहुधा दोन फूट धरलेले असते. पण रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापूर ज्या गावांनी पाहिला, तिथे कोणीच दोन फुटांवर समाधान मानत नाही. काम सुरू झाल्यावर आपण म्हणतो, "अजून दीड फूट घे उचलून."

घर ३० बाय ४० म्हणजे १,२०० चौरस फुटांचे असेल, तर दीड फुटाची भर १,८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास होते. मुरूम पाणी मारून ठोकला की दबतो, म्हणून प्रत्यक्षात बावीस-तेवीस ब्रास आणावा लागतो. वरून भोवतालचे बांधकाम, वाढीव पायऱ्या आणि गाडी चढवायचा उतार. पुराची खूण, रस्त्याची आजची पातळी आणि पुढची वाढ पाहून जोत्याची उंची करारापूर्वी कायम करावी. हा निर्णय दोरी लावल्यावर घ्यायचा नव्हे.

३. चौरस फूट कोणते मोजायचे?

दर ठरवताना सगळे दरावर घासाघीस करतात, मोजमापावर कोणीच बोलत नाही. पोर्च, गॅलरी, जिन्यावरची खोली, छज्जे, पाण्याच्या टाकीचा कट्टा ही कामे चौरस फुटांत धरायची का? पूर्ण दराने की अर्ध्या?

समजा दर १,८०० रुपये आहे. पोर्च १२० चौरस फूट आणि जिन्यावरची खोली १२० चौरस फूट, मिळून २४० झाले. पूर्ण दराने धरले तर ४,३२,००० रुपये, अर्ध्या दराने २,१६,००० रुपये. दरात पन्नास रुपये कमी केले म्हणून आपण खूश होतो. १,२०० चौरस फुटांवर ते ६०,००० रुपये होतात. इकडे मोजमापाच्या एका ओळीत त्याच्या साडेतीन पटीहून जास्त फरक पडून जातो. म्हणून नकाशावरच एकूण मोजायचे क्षेत्र आकड्यात लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

४. जे धरलेलेच नाही

नवीन घरात राहायला जाण्यासाठी जे जे लागते, त्यातील बरेचसे करारात नसते. शौचालयाची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा, जमिनीतली पाण्याची टाकी, गच्चीवरची टाकी, गच्चीचा कोबा, कठडा, स्वयंपाकाचा ओटा, खिडक्यांच्या जाळ्या, फाटक, कुंपणाची भिंत, सांडपाण्याची नळवाट, दिवे-पंखे आणि विजेचा मीटर या बाबी एकेक करून विचाराव्यात. काळ्या मातीत शोषखड्ड्याचे पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे नेहमीच्या मापाचा खड्डा पुरत नाही, हेही इंजिनिअरकडून आधीच पाहून घ्यावे.

तीन ठेकेदारांचे दर मागवले की ज्याने कमी बाबी धरल्या, त्याचाच दर कमी दिसतो. म्हणून यादी आपण करावी आणि तिघांनाही तीच यादी द्यावी. यादीसमोर "धरले" किंवा "धरले नाही" एवढेच लिहून घ्यावे. मग कोण स्वस्त आणि कोण महाग ते खरे कळते.

५. फरशी "चांगली" म्हणजे कोणती?

"चांगल्या प्रतीची फरशी, चांगला रंग, चांगले नळ" असे शब्द करारात असले की भांडण ठेवलेलेच. ठेकेदाराने फरशीचा मूळ दर समजा ४५ रुपये चौरस फूट धरला. घरातली मंडळी दुकानात गेली आणि ७५ रुपयांची पसंत करून आली. हजार चौरस फुटांना ३०,००० रुपये वाढले. भिंतीकडेची पट्टी आणि तूटफूट धरली तर आणखी तीन हजार. म्हणून फरशी, नळ, दरवाजे, विजेची बटणे आणि रंग यांचे नाव, प्रत आणि धरलेला मूळ दर लिहून घ्यावा. आणि दुकानात जाणे करारापूर्वी व्हावे, घरच्या बायामाणसांना बरोबर घेऊन. ओट्याची उंची आणि मोरीची जागा त्यांना विचारल्याशिवाय ठरवली की पुढे फोडाफोड होतेच.

६. मध्येच केलेले बदल

भिंत उभी राहते आणि थोरला भाऊ म्हणतो खिडकी इकडे हवी. पाहुणे येऊन सांगतात संडास वास्तुशास्त्रात बसत नाही. मुलगा म्हणतो वरच्या मजल्यासाठी खांबाच्या सळया ठेवा. ठेकेदार मान डोलावतो, "करू की, बघू मागनं." हे "बघू मागनं" शेवटच्या बिलात लाखाच्या घरात जाऊन बसते.

इथे कायदाही समजून घ्यावा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० नुसार, एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता आपल्यासाठी कायदेशीर काम केले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणजे "लेखी कुठं होतं?" असे म्हणून सुटका होत नाही. आपण सांगितले, काम डोळ्यांसमोर झाले आणि आपण ते वापरतो, तर पैसे द्यावे लागतात. फक्त दर कोणता, यावर वाद राहतो, आणि तो दर काम झाल्यावर ठरत असल्याने आपला हात खाली असतो.

यावर उपाय एका वहीचा. शंभर पानी वही कामावर ठेवावी. प्रत्येक बदलाची तारीख, काम, माप, दर आणि मुदत वाढणार असल्यास किती दिवस, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घरातून बदल सांगण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यावा. करारात एक ओळ घालावी, "वहीत सही नसलेल्या जादा कामाचे पैसे मिळणार नाहीत." आणि मग आपणही ती ओळ पाळावी.

७. भाववाढ

ठोक करारात भाववाढीचे कलम नसेल तर वाढ ठेकेदाराने सोसायची, हा सरळ अर्थ आहे. पण भाव फार चढले की कागदाचा जोर पुरत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलादाचे भाव इतके चढले होते, की मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादावर निर्यात शुल्क बसवले आणि नोव्हेंबरात मागे घेतले. अशा काळात ठेकेदार काम सोडून जातो, नाहीतर मालात हात आखडतो. दुसरे पहिल्याहून वाईट, कारण ते दिसत नाही.

आर.सी.सी. घराला चौरस फुटाला ढोबळ मानाने ४ किलो सळई आणि ०.४ पोते सिमेंट लागते. १,२०० चौरस फुटांना ४,८०० किलो सळई आणि ४८० पोती सिमेंट. सळई किलोला ८ रुपयांनी वाढली तर ३८,४०० रुपये, सिमेंट पोत्याला ४० रुपयांनी वाढले तर १९,२०० रुपये. हा हिशेब माहीत असला की "भाव वाढलेत, दोन लाख द्या" या मागणीला आकड्याने उत्तर देता येते. करारात कराराच्या दिवसाचा सळई आणि सिमेंटचा भाव लिहावा. शेकडा ५ पर्यंत वाढ ठेकेदाराची, त्यावरची निम्मी-निम्मी आणि भाव उतरल्यास तसाच उलटा हिशेब ठेवावा. दोघांनाही झेपेल असा करार शेवटपर्यंत टिकतो.

८. पाणी, वीज आणि कर

बांधकामाला पाणी कोण देणार हे लिहिलेले नसते. काँक्रीटला साध्या सिमेंटचे किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे किमान १० दिवस पाणी मारावे लागते, उन्हाळ्यात जास्तच. टँकर आणायची वेळ आली की हा खर्च कळतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून बांधकामाला वीज घेऊ नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. तात्पुरती जोडणी घ्यावी आणि तिचे बिल कोणाचे ते ठरवावे.

सांगितलेला दर वस्तू व सेवा करासहित की करावेगळा, हेही विचारावे. नोंदणीकृत ठेकेदाराच्या मालासहित कामावर शेकडा १८ कर लागतो. २१ लाखांवर तो पावणेचार लाखांहून जास्त होतो. स्वतःच्या एकट्या राहत्या घराचा नुसत्या मजुरीचा करार मात्र या करातून मुक्त आहे. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आला आहे. त्याआधीच्या हिशेबावर कोणी दर सांगत असेल तर तो कमी करून मागावा.

वाहतुकीचेही पाहावे. गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसात गुंतलेल्या असतात. रानातल्या घराला पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. "माल जागेवर पोहोच" हे तीन शब्द करारात असावेत, नाहीतर रस्त्यावर उतरवलेला मुरूम आपल्यालाच आत ओढावा लागतो.

काम पुढे, पैसा मागे

मुकादमाला उचल दिली आणि टोळी आलीच नाही, याचा अनुभव आपल्या भागात नवा नाही. घराच्या ठेकेदारालाही तोच नियम लावावा. हप्ते तारखेवर न बांधता कामाच्या टप्प्यावर बांधावेत. नमुन्यादाखल, करार करताना शेकडा ५, जोते पूर्ण झाल्यावर २०, स्लॅब पडल्यावर ३०, वीटकाम झाल्यावर १५, गिलावा-नळ-वायरिंग झाल्यावर १५, फरशी-दारे-रंग झाल्यावर १०, आणि उरलेले ५ एक पावसाळा काढल्यावर. गच्ची गळते की नाही ते पहिल्या पावसाळ्यातच समजते, आणि तेव्हा ठेकेदाराला परत आणण्याची ताकद त्या शेवटच्या पाच टक्क्यांतच असते.

आपला पैसा हंगामी असतो, हे त्यात धरावे. उसाचे बिल गाळपानंतर येते, ठेकेदाराची मागणी बारा महिने चालू. आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. म्हणून कोणता हप्ता कोणत्या बिलातून जाणार ते करारापूर्वी मांडावे. ठोक रकमेच्या किमान दहावा भाग वरच्या खर्चासाठी बाजूला असल्याशिवाय पाया खणू नये. तेवढे नसेल तर घर दोन खोल्यांनी लहान करावे, खोल्या पुढे वाढवता येतात. पीककर्जाला मात्र घरासाठी हात लावू नये. ते वेळेत फिटले नाही की व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या लागणीला सोसायटीच्या दारात उभे राहणे अवघड होते.

थोडक्यात सांगायचे तर

घर पहावे बांधून, असे जुने लोक म्हणत. पण बांधण्याआधी कागदावर पाहिले तर निम्मा ताप वाचतो. करार योग्य किमतीच्या मुद्रांक कागदावर करावा आणि त्याला नकाशा, बाबींची यादी, मालाची प्रत व मूळ दर, मोजायचे क्षेत्र, पायाची खोली व फुटाचा दर, हप्त्यांचे टप्पे आणि मुदत एवढे जोडावे. ज्या गोष्टी आज माहीत नाहीत, त्यांची रक्कम ठरवता येत नसली तरी दर ठरवता येतो. आणि तो पहिली कुदळ मारण्यापूर्वीच ठरवावा. तोवर दारात चार ठेकेदार उभे असतात. पाया भरला की एकच राहतो, आणि मग तो म्हणेल तो दर.

ठेकेदारही आपल्यातलाच माणूस असतो, पुष्कळदा गावचाच. बोलणे स्पष्ट असले तर त्यालाही काम सोपे जाते आणि वास्तुशांतीच्या पंगतीला तो मानाने बसतो. जे सभासद येत्या हंगामानंतर घर काढणार आहेत, त्यांनी या पानावरील आठ मुद्दे कागदावर उतरवून घ्यावेत, प्रत्येकासमोर "कोणाचा खर्च?" असा एक रकाना आखावा आणि तो भरल्याशिवाय सही करू नये.

— ऊस विकास अधिकारी